रिकामं वजन

सावद्याच्या फाट्यावर माझा वजनकाटा.
एकतीस वर्षं ट्रक येतो, आधी रिकामा,
मग केळी भरून.
भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो माल.
एवढंच गणित मला येतं.

जळगावच्या डॉक्टरांनी माझं फक्त भरलेलं लिहून घेतलं.
सत्त्याण्णव किलो. दोन स्टेंट.
मीठ बंद, तळलेलं बंद, लोणचं-पापड बंद,
कागदाच्या तळाशी: चिंता करू नका.
त्याखाली सही.

दिवसा मी चिंता करत नाही.
दिवसा मी वाफवलेला दुधी खातो,
कळण्याची भाकरी, एक, सुनेनं मोजून दिलेली.
गल्लीत कोणी विचारलं तर
छाती ठोकून सांगतो, एकदम फिट,
आणि हात पटकन खाली घेतो.

रात्री दोन चाळीसला जाग येते.
गजर लागत नाही.
त्या रात्रीही हीच वेळ होती.
डावा हात माझा राहिला नव्हता,
शेजारी प्रमिला घोरत होती
आणि तिला हाक मारायला माझ्याकडे आवाज नव्हता.

आता आवाज आहे. हाक मारत नाही. उठतो.
गव्हाच्या कोठीमागे केळीच्या वेफर्सची पिशवी,
तिच्यामागे दुसरी.
दराब्याचे लाडू, भाचीच्या साखरपुड्याचे, वास लागलेले.
शेवभाजीचा थंड रस्सा, पातेल्यालाच तोंड लावून.
चव कुठली? चव पहिल्या घासाला संपते.
पुढचं नुसतं भरणं,
हमाल घड टाकतात तसं, भराभर, वरून,
मोजदाद नाही, पावती नाही.

मग पोट फुगून छातीला भिडतं
आणि वाटतं, आलं. तेच परत आलं.
फरशीवर बसून राहतो.
लाज आणि जळजळ एकाच जागी होते,
कोणती कुठली, कळत नाही.
सकाळी रिकाम्या पिशव्या शर्टात खुपसून
काट्यामागच्या उकिरड्यावर नेतो.
तिथल्या बकऱ्या आता मला ओळखतात.

यंदा तपासणीला नवी मुलगी होती,
कुंदा धांडे, बामणोदची, नखं कुरतडलेली.
सगळे विचारतात, काय खाता.
तिनं विचारलं, कधी?
मी वेळ सांगितली, मिनिटासकट.
तिनं पेन खाली ठेवलं.
मग माझ्याच तोंडून निघालं,
चावताना ऐकू येत नाही.
काय ऐकू येत नाही?
मी बोटानं दाखवलं. डावीकडे.

उशीला कान टेकला की ते चालू असतं,
लांबच्या मळ्यातल्या मोटारीसारखं,
आणि मी ऐकत पडतो, लाईट आता जाईल, आता जाईल.
दाताखाली वेफर मोडतो
तेवढा वेळ मोटार नसते.

ती म्हणाली, याला आजाराचं नाव आहे, काका.
तुम्ही खादाड नाही.
नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, मी घडी करून ठेवलं.
पण 'खादाड नाही'
हे दोन शब्द भुसावळ येईपर्यंत चघळत होतो.

परवा कोठीमागे हात घातला आणि दिवा लागला.
प्रमिला. केस सुटलेले, चष्मा नाही.
मी पिशवी पाठीमागे लपवली.
एकसष्ट वर्षांचा मी.
ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.
म्हणाली, "अंधारात काहून खाता? ताटात घ्या."
पाट मांडला, ताट मांडलं, मूठभर वेफर्स वाढले,
जसा काही मी व्याही.
समोर बसली.
"मले बी झोप नही येत," म्हणाली,
"तुमचा श्वास मोजत पडते."

ताटातले खाल्ले. मग पिशवीतलेही,
तिच्यासमोर, तोंड भरून, रडत.
हे सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट गोड होईल.
दुसरी पिशवी मात्र त्या रात्री निघाली नाही.

सकाळी काटा उघडला.
पहिल्या ट्रकाआधी शून्य बघायचं असतं.
वर कोणी नसताना काटा वीस किलो दाखवत होता.
चाकांची माती, रात्रीचं दव, फटीत दबलेली केळीची पानं.
झाडू घेतला.
झाडता झाडता मोटार ऐकू आली,
चालू होती.
काटा दहावर आला.
हॉर्न वाजला, ट्रक रिकामा होता,
मी हात केला, घे वर.